नमुन्याचा धनी कोण?

भिलाईत कॅम्प-१ नावाची वस्ती आहे. नव्याने बदलून येणाऱ्या मराठी अधिकाऱ्यास या नावाने प्रथम थोडा चकवा बसतो. कॅम्प म्हटले की तंबू, राहुट्या, चार दिवसांचा मुक्काम असे काहीसे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात पाहावे तो दाट घरे, अरुंद गल्ल्या, किराणा मालाची दुकाने, शिवणयंत्रांची घरघर आणि अनेक भाषांची सरमिसळ. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत रशियाशी पोलाद कारखान्याचा करार झाला. त्या उभारणीवर आलेल्या मजुरांच्या तात्पुरत्या वस्त्यांना कॅम्प हे नाव पडले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. उभारणी संपली, कॅम्प मात्र उठला नाही. त्या मजुरांची नातवंडे आज येथे नांदत आहेत. करार झाला त्या दिवशी दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या नोव्हेंबरात ती भोपाळ झाली आणि २००० च्या नोव्हेंबरात रायपूर. कॅम्पातील मराठी घरांचे मूळ शोधू जाता ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

पोलादाची भिलाई आधी कागदावर उभी राहिली आणि मग जमिनीवर. भट्टी असो, यारी असो वा साधा जिना असो, त्याचे ड्रॉइंग आधी, लोखंड मागाहून. अशा प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. काढणारा कोण, तपासणारा कोण, मंजूर करणारा कोण, तारीख काय, हे त्या चौकटीत लिहिलेले असते. ती कोरी असेल तर ड्रॉइंग कितीही सुबक असले तरी कारखान्यात त्याला मान नाही. कॅम्पातल्या निवृत्त फिटरलाही हे ठाऊक आहे. वाचकांनी ही चौकट स्मरणात ठेवावी. पुढील हकीकतीत तिचे काम पडणार आहे.

आमच्या शेजारची एक मुलगी दूरच्या शहरी डिझाइनचे शिक्षण घेत आहे. तिचे आजोबा भंडाऱ्याकडून कारखान्याच्या उभारणीवर आले आणि येथलेच झाले. गेल्या दिवाळीच्या सुटीत ती घरी आली असता एके संध्याकाळी काखेत एक पुडके घेऊन आमच्याकडे आली. पुडक्यात पॉवरहाउसच्या बाजारातून विकत आणलेली एक चादर होती. तिने ती आमच्या बैठकीत उलगडली. पिवळ्या जमिनीवर तांबूस हरणांची रांग, त्यांच्या शिंगांतून फुटलेली झाडे, आणि अंगभर दोरा गुंडाळल्यासारख्या बारीक रेघा.

“काका,” ती म्हणाली, “हे हरीण माझे आहे.”

हकीकत अशी होती. दीड वर्षापूर्वी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तिने हा नमुना काढला. विद्यार्थ्यांच्या कामाचे प्रदर्शन भरले, तेथे एका कापड व्यापाऱ्याने तो पाहिला, ‘एखादा तुकडा छापून बघतो’ म्हणून मागून घेतला आणि तिच्या हातावर दीड हजार रुपये ठेवले. कागद नाही, पत्र नाही, पावती नाही. पहिल्या कमाईचे पैसे म्हणून पोरीने आईला साडी घेतली. आणि आता तेच हरीण तिच्याच गल्लीतल्या दुकानात गठ्ठ्यांनी विकले जात होते. “तुम्ही जन्मभर सरकारी कायदे पाहिलेत,” ती म्हणाली. “मला एवढेच सांगा, हे चित्र माझे की त्याचे? त्याचे असेल, तर हे शिक्षण पुढे घेण्यात अर्थ काय?”

आम्ही वकील नाही. परंतु नियमांची पाने उलटण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला असा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही. पुढले काही दिवस आम्ही या कायद्याच्या इतिहासात घालवले. तो इतिहास इतका उद्बोधक निघाला, आणि त्यात आपल्या देशाचे, किंबहुना आपल्या कापडाचे, स्थान इतके विलक्षण निघाले, की तो येथे मांडावा असे वाटले.

सन १७८७ हे छत्तीसगडाच्या इतिहासात रतनपूरच्या बिंबाजी भोसल्यांच्या निधनाचे वर्ष म्हणून सांगितले जाते. त्याच वर्षी लंडनच्या पार्लमेंटाने एक छोटासा कायदा केला. तागाच्या व सुती कापडावर, कॅलिको व मलमलीवर, जो कोणी नवा नमुना काढून छापील, त्याला तो नमुना छापण्याचा एकट्याचा हक्क दोन महिने मिळावा, असा तो कायदा होता. दोन महिने फक्त! पुढे १७९४ मध्ये त्याचे तीन झाले. हक्क हवा असेल तर ठाणाच्या दोन्ही टोकांना धन्याचे नाव छापलेले असले पाहिजे, अशी अट होती. वस्तूच्या नमुन्याला संरक्षण देणारा इंग्लंडातला हा पहिला कायदा. आपली भिलाईची कोपऱ्यातली चौकट येथे प्रथम दिसते.

पण ज्या कापडासाठी हा कायदा झाला त्याची नावे पाहा. कॅलिको हे नाव कालिकत बंदरावरून पडले. इंग्रज ज्याला चिंट्झ म्हणतात ती आपली छीट. हिंदी छिटांचे वेड विलायतेत इतके माजले होते की तेथील लोकर व रेशीम विणणाऱ्यांच्या रक्षणासाठी अठराव्या शतकाच्या आरंभी छापील हिंदी कापडावर कायद्याने बंदी घालावी लागली. बंदीच्या आडोशाने तेथील छापणारे आपल्या वेलबुट्ट्या गिरवावयास शिकले, आणि पुरते शिकून झाल्यावर एकमेकांच्या चोरीपासून बचाव व्हावा म्हणून त्यांनी कायदा करून घेतला. ज्यांच्यापासून ते शिकले त्या छिपे-रंगाऱ्यांचे नाव ठाणाच्या कोणत्याही टोकाला आले नाही.

याहून बोलकी गोष्ट १८६६ सालची आहे. लंडनच्या इंडिया म्युझियममधील एक अधिकारी, जॉन फोर्ब्स वॉटसन, यांनी हिंदुस्थानातील कापडाचे सातशे नमुने कापून अठरा खंडांत चिकटवले. धोतरे, पागोटी, लुगडी, मलमली, किनखाब, सारे त्यांत होते. असे वीस संच तयार झाले. तेरा संच ब्रिटनमध्ये वाटले गेले व सात हिंदुस्थानात. हिंदी माणसाला कोणते कापड आवडते हे विलायतेतील गिरणीवाल्याला हाताने चाचपून कळावे आणि तसे कापड त्याने यंत्रावर काढून इकडे विकावे, असा त्यामागील सरळ हेतू होता. हे काम चोरीछुपे झाले नाही. सरकारी खात्याने, सरकारी खर्चाने, मोठ्या नेटकेपणाने केले. आपल्यासारख्या सरकारी नोकरीत हयात घालवलेल्या मंडळींनी या नेटकेपणाकडे जरा थांबून पाहावे. अन्याय नेहमीच बेशिस्तीने होतो असे नाही. पुष्कळदा तो उत्तम फायलीत नीट लावून ठेवलेला असतो.

हिंदुस्थानात कायदा आला तो प्रथम पुस्तकांसाठी. कंपनी सरकारने १८४७ साली ग्रंथकारांच्या हक्काचा कायदा केला. ग्रंथकर्त्याची हयात व त्यापुढे सात वर्षे, किंवा एकंदर बेचाळीस वर्षे, यांपैकी जी मुदत लांब ती, असा तो हक्क होता. वस्तूंच्या नमुन्यांसाठीचा कायदा १८७२ साली आला, त्याची नवी आवृत्ती १८८८ साली, आणि १९११ साली शोध व नमुने या दोहोंचा मिळून एक कायदा झाला. पुस्तकांचा व चित्रांचा कायदा १९१४ साली नव्याने लिहिला गेला. म्हणजे चित्र एका घरात आणि चादर दुसऱ्या घरात, अशी वाटणी इंग्रजी अमदानीतच होऊन गेली. चित्रकाराला दीर्घ मुदत, कारखानदाराला अल्प मुदत. चित्राला नोंदणी नको, वस्तूच्या नमुन्याला नोंदणी हवी. आमच्या शेजारणीचे हरीण या दोन घरांच्या मधल्या उंबऱ्यावर उभे आहे, आणि तिची सारी अडचण तेथेच आहे.

या उंबऱ्यावरचे आपल्या ओळखीचे उदाहरण राजा रविवर्म्याचे. त्याने १८९४ साली मुंबईत शिळाछाप छापखाना काढला, जर्मन यंत्रे व जर्मन कारागीर आणवले, आणि राजवाड्यांतल्या लक्ष्मी-सरस्वती मध्यमवर्गाच्या भिंतीवर आणून बसवल्या. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. कर्जाच्या ओझ्याने विसाव्या शतकाच्या आरंभी रविवर्म्याने तो फ्रिट्झ श्लाइशर या जर्मन तंत्रज्ञास विकला, आणि यंत्रांबरोबर आपली चित्रे छापण्याचे हक्कही देऊन टाकले. चित्रपटांकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळक्यांनी याच छापखान्यासाठी काम केले होते. त्या लक्ष्मी-सरस्वती पुढे दिनदर्शिकांवर, काड्यापेट्यांवर, गिरणीच्या ठाणांवरील चिठ्ठ्यांवर जाऊन बसल्या. १९७२ साली छापखाना आगीत जळाला. तोवर त्या घरोघर पोहोचून सर्वांच्या झाल्या होत्या. ज्याने त्या काढल्या तो १९०६ सालीच वारला. विकण्याच्या कागदावर एकदा सही केली की चित्र आपल्या मार्गाने जाते आणि चित्रकार आपल्या, हा धडा त्यात आहे. पण निदान कागद होता, सही होती, विकणारा कोण व विकत घेणारा कोण हे स्पष्ट होते.

स्वतंत्र भारताचा स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ साली झाला आणि २१ जानेवारी १९५८ रोजी अमलात आला. भिलाईची पहिली भट्टी पेटावयास तेव्हा वर्षाचा अवकाश होता. अनेक दुरुस्त्या होऊन तोच कायदा आजही चालू आहे. कलाकृतीच्या त्याच्या व्याख्येत एक लहानसे पण मोठ्या मनाचे वाक्य आहे. रंगचित्र, शिल्प, रेखाचित्र, नकाशा, आराखडा हे सारे कलाकृती होत, मग त्यांच्या अंगी कलात्मक गुण असो वा नसो. म्हणजे जिन्याचे ड्रॉइंग आणि हरणाचे चित्र कायद्याच्या पंक्तीला शेजारी बसतात. काढणारा हाच पहिला धनी. त्याची हयात आणि त्यापुढे साठ वर्षे त्याचा हक्क टिकतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरील हक्क संपत आला तेव्हा १९९२ साली ती साठ करण्यात आली. नोंदणी सक्तीची नाही. चित्र कागदावर उतरले की हक्क जन्मास आला.

येथवर वाचून आम्हांस मोठा हुरूप आला. विद्यार्थी हा काही संस्थेचा नोकर नव्हे. तेव्हा प्रवेशाच्या वेळी काही वेगळे लिहून दिलेले नसेल तर त्याने काढलेल्या चित्राचा धनी तोच. नोकरीत काढलेले चित्र मालकाचे होते, आणि आपल्यापैकी कोणी कचेरीच्या कामात काही रेखाटले तर ते सरकारचे. हे कलम वाचून आम्हांस आमच्या एका जुन्या सहकाऱ्याची आठवण झाली. त्याने काढलेला एक नकाशा वर्षानुवर्षे छापला गेला; त्याचे नाव त्यावर कधी आले नाही, आणि त्याने ते मागितलेही नाही.

पण त्याच कायद्यात पंधरावे कलम आहे. त्याचा आशय असा: नमुना म्हणून नोंदता येण्याजोगी जी आकृती आहे, परंतु जी नोंदलेली नाही, ती ज्या वस्तूवर उतरवली त्या वस्तूच्या पन्नासाहून अधिक प्रती धन्याने वा त्याच्या परवान्याने दुसऱ्याने औद्योगिक रीतीने काढल्या की तीवरील स्वामित्वहक्क संपतो. पन्नास चादरी छापेपर्यंत तुमचे हरीण कायद्याच्या कुंपणात. एकावन्नावी चादर यंत्रावरून उतरली की कुंपण गेले. संरक्षण हवे असेल तर आधी नमुन्याची नोंदणी करावयास हवी होती. ती २००० सालच्या नमुना कायद्याप्रमाणे होते. मुदत दहा वर्षे, आणि मागितल्यास आणखी पाच. पण नोंदणीला नमुना नवा लागतो, आणि जगापुढे आलेला नमुना कायद्याच्या दृष्टीने नवा राहत नाही. बाजारात चादर आल्यावर नोंदणीला धावणे म्हणजे वरात गेल्यावर मांडव घालणे.

हे केवळ विद्यार्थ्यांच्याच वाट्यास येते असे नाही. प्रसिद्ध वेशभूषाकार रितु कुमार यांच्या कंपनीने आपल्या नमुन्यांची नक्कल झाल्याची तक्रार दिल्ली उच्च न्यायालयात नेली. २०१६ साली ती फेटाळली गेली. कारण नमुने नोंदलेले नव्हते आणि पन्नासाची मर्यादा केव्हाच ओलांडली होती. चित्र कोठे संपते आणि नमुना कोठे सुरू होतो, याविषयी न्यायालयांत पुष्कळ काळ ऊहापोह चालला. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वायूवाहक टाक्यांच्या ड्रॉइंगांवरून उद्भवलेल्या एका खटल्यात त्याची कसोटी घालून दिली. मूळ कलाकृती कोणती आणि तिच्यापासून औद्योगिक रीतीने वस्तूवर उतरलेला नमुना कोणता, हे आधी पाहावे. आणि जेथे संरक्षण नाही असे ठरेल तेथे त्या वस्तूचा मुख्य हेतू सौंदर्य की उपयोग, हे पाहावे. मोठा खटला, थोर न्यायमूर्ती, आणि वादाच्या मुळाशी पुन्हा ड्रॉइंगच!

आता पंधराव्या कलमातील एका शब्दाकडे लक्ष द्यावे. प्रती ‘धन्याने किंवा त्याच्या परवान्याने’ काढलेल्या असल्या पाहिजेत. आमच्या शेजारणीच्या बाबतीत सारी गाठ या शब्दात आहे. तिने दीड हजार घेतले ते कशाबद्दल? परवाना दिला असे म्हणावे, तर पन्नास चादरींनंतर तिचा हक्क तिच्याच संमतीने बुडाला. परवाना दिलाच नाही असे म्हणावे, तर हक्क शाबूत आहे. पण मग पैसे कसले, हे तिला सांगावे लागेल. कायद्याप्रमाणे हक्काची विक्री लेखीच असावी लागते, परवानाही लेखीच. विक्रीच्या लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता. कायदा इतका काळजीवाहू आहे की अपुऱ्या लिहिलेल्या कागदातही तो दुबळ्या बाजूस सांभाळून घेतो. पण कागदच नसेल तर तो कोणाला सांभाळणार? चौकट कोरी होती. व्यापाऱ्याचा लोभ आणि पोरीचे भोळेपण हे दोन्ही त्या कोऱ्या चौकटीत मावले.

आम्ही हे तिला समजावून सांगितले तेव्हा तिचा चेहरा उतरला. “म्हणजे सही करून घेणाराच शहाणा,” ती म्हणाली. तिला धीर यावा म्हणून आम्ही तिला अमरनाथ सहगल यांची हकीकत सांगितली.

दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी सरकारने १९५७ साली सहगलांना ब्राँझचे भित्तिशिल्प करावयास सांगितले. एकशे चाळीस फूट लांब व चाळीस फूट उंच असे ते काम १९६२ साली जागेवर बसले. १९७९ साली इमारतीच्या डागडुजीत ते उखडले गेले आणि त्याचे तुकडे कोठारात जाऊन पडले. सरकारने मोबदला दिला होता. वस्तू सरकारची होती. आपल्यापैकी कोणी त्या जागी अधिकारी असता तर त्यालाही हा साधा भांडार-विभागाचा विषय वाटला असता, हे मान्य करावयास हवे. पण १९५७ च्याच कायद्यात सत्तावन्नावे कलम आहे. हक्क विकून टाकला तरी कृतीवर आपले नाव असावे, आणि कृतीची अशी मोडतोड होऊ नये की जिने कर्त्याच्या लौकिकास बाध येईल, हे दोन हक्क कर्त्यापाशीच राहतात, असे ते कलम म्हणते. सहगलांनी १९९२ साली दावा लावला. २१ फेब्रुवारी २००५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला: शिल्पाचे अवशेष सहगलांना परत द्यावेत आणि पाच लाख रुपये नुकसानभरपाई द्यावी. पैशाने विकत घेतलेली वस्तूही पूर्णपणे विकत घेता येत नाही, तिच्यात कर्त्याचे काहीतरी उरते, हे या निकालाने पक्के केले.

मुलीने हे सारे शांतपणे ऐकून घेतले. मग चादरीवरच्या हरणाच्या अंगावरील रेघांवरून बोट फिरवीत ती म्हणाली, “पण काका, या रेघा माझ्या नाहीत.”

तिच्या वर्गाची सहल कोंडागावला गेली होती. तेथे घडवा लोकांचे पितळकाम तिने पाहिले. मराठी कानाला या नावातच ‘घडवणे’ ऐकू येते. मातीचा गाभा करावयाचा. त्यावर मेणाचे बारीक दोरे गुंडाळून हरणाचे, हत्तीचे, देवीचे अंग उभारावयाचे. त्यावर पुन्हा मातीचे लेपण द्यावयाचे. भाजताना मेण वितळून निघून जाते आणि त्या पोकळीत वितळलेले पितळ शिरते. अंगभर दोरा गुंडाळल्यासारखी जी नक्षी दिसते ती त्या गेलेल्या मेणाची खूण. मूर्ती बाहेर काढण्यासाठी साचा फोडावाच लागतो; त्यामुळे एक हरीण दुसऱ्यासारखे हुबेहूब कधी होत नाही. कायद्याच्या पन्नास सारख्या प्रती त्या कारागिराच्या हातून जन्मात निघावयाच्या नाहीत. त्याच्या रेघा मुलीने वहीत उतरवल्या, मुलीच्या वहीतून व्यापाऱ्याने उचलल्या, आणि पॉवरहाउसच्या बाजारात त्या गठ्ठ्यांनी आल्या. “मग चोर कोण?” तिने विचारले.

ज्या हक्काला एक नाव लागते, एक तारीख लागते, तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या सामाईक कसबाला कसा लागू पडावा? १७८७ सालापासून कायद्याला हा प्रश्न सुटलेला नव्हता. आपल्याकडे त्याचे एक उत्तर भौगोलिक मानांकनाच्या कायद्याने दिले; तो १९९९ साली झाला व १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. येथे धनी एक माणूस नसतो. त्या प्रदेशातले सारे कारागीर असतात. हा हक्क विकता येत नाही. बस्तरच्या ढोकरा कामाची अशी नोंद झालेली आहे, लोहकामाची व लाकूडकामाचीही आहे. मात्र हा कायदा प्रामुख्याने नावाचे रक्षण करतो. ‘बस्तर ढोकरा’ म्हणून खोटा माल विकता येणार नाही. पण ढोकऱ्याच्या रेघा पाहून कोणी चादर छापली आणि तिला कसलेच नाव दिले नाही, तर त्याला अडवणे फार कठीण.

याची प्रचीती आपल्या कोल्हापुरी चपलेने जगाला आणून दिली. या चपलेला २०१९ साली मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार आणि कर्नाटकातील चार असे आठ जिल्हे त्यात सामाईक आहेत. सीमाप्रश्नावर कधी न जुळलेली दोन राज्ये चपलेवर जुळली, हेही थोडके नव्हे! जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन पेढीने मिलान येथील आपल्या प्रदर्शनात जवळजवळ तशाच चपला मांडल्या; कोल्हापूरचे नाव मात्र कोठे नव्हते. मोठा गहजब झाला, महाराष्ट्रातील व्यापारी मंडळाने पत्र धाडले, आणि पेढीने उगम मान्य केला. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, ती जुलैत फेटाळली गेली. ज्यांच्या नावे मानांकनाची नोंद आहे त्यांनी यावे, असा त्या निकालाचा रोख होता. पुढे डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी पेढीने करार केला आणि दोन हजार जोड इकडील कारागिरांकडून करवून घेण्याचे ठरले. लक्षात घ्यावे की हे फळ न्यायालयाच्या हुकमाने पदरी पडले नाही. उगमाचे नाव कोठे तरी पक्के नोंदलेले होते, म्हणून लोकांना बोट ठेवावयास जागा मिळाली, आणि त्यातून ते आले.

वॉटसनच्या अठरा खंडांपासून या करारापर्यंत सुमारे एकशे साठ वर्षे गेली. या सगळ्या काळात कायद्याने एकच गोष्ट हळूहळू शिकून घेतली असे आम्हांस दिसते. आरंभी त्याला फक्त ठाणाच्या टोकावरचे नाव वाचता येत होते; मग चित्राच्या कोपऱ्यातली सही वाचता येऊ लागली; आणि आता कोठे एखाद्या गावाचे, एखाद्या जमातीचे नाव तो अडखळत वाचू लागला आहे. पण नाव लिहिलेले असेल तरच तो वाचतो. न लिहिलेले वाचण्याची विद्या कायद्यापाशी नाही, आणि ती असावी अशी अपेक्षाही करू नये. ती विद्या माणसापाशी असते.

आमच्या शेजारणीचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. एका वकिलाच्या सल्ल्याने तिने व्यापाऱ्यास पत्र पाठवले. विक्री झालेली नाही, लेखी परवाना दिलेला नाही, यापुढे छपाई करावयाची तर लेखी करार करावा, मुदत व मोबदला ठरवावा आणि चादरीच्या चिठ्ठीवर नाव घालावे, एवढेच तिचे म्हणणे आहे. हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही. येईल, न येईल. नवे नमुने मात्र ती आता प्रदर्शनात मांडण्याआधी नोंदणीस पाठवणार आहे. ते काम कलकत्त्याच्या कचेरीत होते, आणि पॉवरहाउस स्टेशनावरून जाणारा लोहमार्ग एका अंगाने नागपूर-मुंबईकडे जातो तसा दुसऱ्या अंगाने तिकडेच जातो.

सुटी संपून निघण्यापूर्वी तिने आम्हांस एक नवे चित्र दाखवले. उजव्या कोपऱ्यात खाली तिने एक चौकट आखली होती. तिच्या आजोबांनी कारखान्यात जन्मभर पाहिली तशीच. पहिल्या ओळीत तिचे नाव, दुसरीत तारीख. तिसरी ओळ तिने स्वतःच्या मनाने वाढवलेली होती: ‘रेघांचा धडा कोंडागावच्या घडव्यांकडून’. कोणत्याही कलमाने ही ओळ सक्तीची केलेली नाही. आम्ही तिला विचारले, उद्या एखाद्या वकिलाने ही ओळ तुझ्याच विरुद्ध वापरली तर? ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “तर वापरू दे, काका. पण ती खरी आहे.”

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरची मुले आज या नव्या विद्येकडे वळत आहेत. त्यांना चित्र काढावयास आपण शिकवू शकत नाही. परंतु तारीख घालावी, सही घ्यावी, नक्कल जपून ठेवावी, तोंडी शब्दावर कागद सोडू नये, हे आपल्या कचेरीतल्या रूक्ष आयुष्याने आपल्याला शिकवले आहे, आणि ते त्यांच्या ऐन उपयोगाचे आहे. तेवढे आपण त्यांना द्यावे. तिसरी ओळ लिहावयास मात्र आपणच त्यांच्याकडून शिकले पाहिजे. आम्ही तरी या दिवाळीत ते शिकलो.